पेपरवाल्याचा राजवाडा, साधूंची पंगत

अमेरिकेत राजा झाला नाही, तेव्हा राजवाडाही नसणार, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. ती आमच्या आईने मोडली.

शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात ती मिरजेहून आमच्याकडे कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आली. मी तिला हौसेने लाल पूल दाखवला, आभाळाला टेकलेली झाडं दाखवली, माझ्या ऑफिसचं पार्किंग दाखवलं. (पार्किंगच दाखवलं, कारण आत न्यायची परवानगी नव्हती.) आईने सगळं नीट पाहिलं आणि म्हणाली, "हे सगळं ठीक आहे रे श्री. पण इथे जुनं असं काही आहे की नाही? एखादा राजवाडा, एखादा मठ?"

मी नाही म्हणून मोकळा होणार, इतक्यात आमची तेरा वर्षांची मीनल टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "देअर इज अ कॅसल, बाबा. सॅन सिमिऑन. अवर क्लास वेंट देअर."

या मुलीची फी मी कशासाठी भरतो, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं.

पण राजवाड्याआधी आईच्या नेमाचं सांगायला हवं. आदल्या वर्षी आमच्या भागातल्या चिप बनवणाऱ्या कंपन्यांत माणसं कमी करायची साथ आली होती, तीत मीही सापडलो. कित्येक महिने मी घरी बसून गवत कापलं, गॅरेज आवरलं आणि नीलाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, पगारावर जेवलो. तिकडे मिरजेत आईने देवापुढे हात जोडले, "श्रीला नोकरी लागू दे, एक चातुर्मास मौनाने जेवीन." नोकरी लागली. माझ्या मते ती माझ्या अर्जामुळे लागली. आईचं मत अर्थातच वेगळं आहे.

मौनभोजन ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दिवसातून एकदाच, दुपारी जेवायचं. जेवताना तोंडातून एक शब्द जरी गेला, तरी त्याच क्षणी हात धुवायचा, मग ताटात श्रीखंड का असेना. रात्री दूध आणि फळं. एखाद्या अबोल बाईने हा नेम केला तर घरात कुणाला पत्ताही लागणार नाही. आमची आई झोपेतही बोलते. मिरजेत दुपारी ती एकटीच जेवते, तिथे जमलंही असतं. आमच्या घरात मात्र आषाढी एकादशीपासून तिचं एक जेवण धड पार पडलं नव्हतं. सुट्टी असल्यामुळे मीनल घरात असायची. ती विचारायची, "आजी, टेप कुठेय?" आणि आजीच्या तोंडून "सोफ्याखाली" निघून जायचं. शनिवार-रविवारी नीला पोळी घेऊन उभी राहायची, "आई, अर्धी तरी?" की आई सवयीने म्हणायची, "नको गं." झालं! 'नको' म्हटल्यामुळे खरोखरच नको व्हायचं. आणि सगळ्यांत मोठा गुन्हेगार मी. आईचं जेवण नीट होतंय की नाही या काळजीने मी रोज ऑफिसातून बरोब्बर जेवणाच्या वेळी फोन करायचो. तातडीचं काही असेल म्हणून ती घास खाली ठेवून फोन घ्यायची, "हॅलो" म्हणायची, आणि मी विचारायचो, "काय, जेवलीस का?"

हे मला तीन आठवड्यांनी कळलं. तोवर नीलाने आईच्या पोलक्यांना दुसऱ्यांदा आतून टीप घातली होती.

शेवटी एके दिवशी आईने सांगून टाकलं. "श्री, माझं तिकीट अलीकडचं करून दे. गणपतीच्या आत घरी जाते. तिथे तरी नेम पुरा होईल."

"अगं, पण दिवाळी?"

"दिवाळीचं मलाही वाटतं रे. पण नेम तुझ्या नोकरीसाठी बोललेय. तो अर्धा राहिला आणि तुला परत काही झालं, तर मी कुणाकडे बघू?"

या देशात आल्यापासून आमची प्रत्येक दिवाळी जवळचा शनिवार बघून साजरी झालेली. आई घरात असताना, तिथीला, पहाटे उठून करायची दिवाळी मीनलने जन्मात पाहिली नव्हती, आणि मीही विसरायला लागलो होतो. म्हणून मी वेळ मारून नेली. "आधी राजवाडा बघून येऊ. मग तिकिटाचं बोलू."

"परत आलो की सोमवारी एजंटला फोन," आईने मला बांधून घेतलं. "कबूल?"

"कबूल."

टेकडीच्या पायथ्याशी

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. मागच्या सीटवर आई आणि मीनल, दोघींच्या मध्ये बर्फाची पेटी. पेटीत दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, बटाट्याची भाजी, भात, दही, आणि आईसाठी वेगळं ठेवलेलं तूप. चातुर्मासात ती कांदा-लसूण खात नाही, बाहेरचं तर नाहीच. आणि रस्ता नेमका अशा गावावरून जातो, जिथे मैलोन् मैल फक्त लसूण पिकतो. गाडीच्या काचा वर केल्या तरी वास आत. आईने पदर नाकाला लावला आणि विचारलं, "वासाने नेम मोडतो का रे?"

"मोडत नसावा."

"नसावा म्हणजे? तुझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

मी वेग वाढवला. त्या गावात वेगमर्यादा मोडल्याचं कारण पोलिसाला काय सांगायचं याची मी मनात तयारी करत होतो, पण सुदैवाने ती वेळ आली नाही.

दुपारी समुद्र दिसला आणि उजव्या हाताला, वाळलेल्या गवताच्या सोनेरी डोंगरांवर, ढगात अर्धे बुडालेले दोन पांढरे मनोरे. आमची वर जायची बस उशिराची होती, म्हणून रस्त्याकडेला गाडी लावून आधी आईचं जेवण उरकायचं ठरलं. या वेळी मी जय्यत तयारी केली होती. नीलाला ताकीद दिली, काही विचारायचं नाही. मीनलला ताकीद दिली, "नो टॉकिंग टू आजी." मी स्वतः गाडीपासून वीस पावलं लांब जाऊन उभा राहिलो, कारण माझा माझ्यावरच विश्वास नव्हता. फोन तर नव्हताच. आईने पान घेतलं, डोळे मिटून हात जोडले आणि जेवायला सुरुवात केली. पहिला घास. दुसरा. तिसरा. मी लांबूनच नीलाकडे बघून अंगठा वर केला.

आणि आई ओरडली, "अगं बाई! पट्ट्यापट्ट्यांचं गाढव!"

कुंपणापलीकडे गाईंच्या कळपात झेब्रे चरत होते. एक नाही, चांगले पाच-सहा, जणू गावातलीच गुरं. वाड्याच्या मालकाने हौस म्हणून इथे खाजगी प्राणिसंग्रहालय केलं होतं, आणि ते मोडल्यावर झेब्र्यांचा वंश डोंगरातच राहून गेला, हे मागाहून कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं, की आईने तोंडावर हात ठेवला होता आणि तिच्या पानात अडीच दशम्या तशाच होत्या.

"आजी, दॅट डझन्ट काउंट!" मीनल कळवळून म्हणाली. "इट्स अ झीब्रा!"

"काउंट होतं, बाळ," आई म्हणाली, आणि बाटलीतल्या पाण्याने हात धुतला. हसत होती, पण हसताना तिची मान किती बारीक झाली आहे ते मला दिसलं.

वाडा

बस वळणावळणांनी वर जाते. आत रेकॉर्डवर एक भारदस्त आवाज माहिती सांगत होता आणि मी आईला त्याचं मराठी करत होतो.

"हा वाडा कोणत्या राजाचा?"

"राजा नव्हे. वर्तमानपत्रांचा मालक होता."

आईने जरा विचार केला. "म्हणजे पेपरवाला?"

"तसंच काहीतरी."

"आपला तो पाटील एवढी वर्षं पेपर टाकतो, अजून सायकलवर आहे बिचारा."

वाड्याचं वर्णन मी काय करू? आमच्याकडच्या संस्थानी राजवाड्यांत एक दरबार हॉल, एक शस्त्रागार आणि पेंढा भरलेला एक वाघ असला की आपण धन्य होतो. इथे पेपरवाल्याने अख्खा युरोप विकत घेऊन टेकडीवर रचलेला. छत एका देशातलं, शेकोटी दुसऱ्यातली, दरवाजा तिसऱ्यातला. देवळाचे खांब पोहण्याच्या तलावाकाठी. तलावाचं पाणी इतकं निळं आणि निवांत, की मला कपड्यांसकट उडी मारावीशी वाटली. नीलाने माझ्या चेहऱ्यावरून ते ओळखलं आणि माझी बाही धरून ठेवली. आत आणखी एक तलाव, जमिनीपासून छतापर्यंत निळ्या-सोनेरी तुकड्यांनी मढवलेला. खोल्या इतक्या, की मालकालाही सगळ्या ठाऊक नसाव्यात. आणि एवढं करून बांधकाम शेवटपर्यंत पूर्ण झालंच नाही. या भल्या थोरल्या पसाऱ्याला तो म्हणे 'रँच', म्हणजे गुरं पाळायची वाडी, म्हणायचा. आपल्याकडे दोन खोल्या आणि एक पेरूचं झाड असलं की गेटवर 'राजवैभव' लिहितात.

आमची गाइड खाकी स्कर्टमधली हसरी मुलगी होती. दारातच तिने नियम सांगितले. कशाला हात लावायचा नाही, सतरंजीच्या बाहेर पाय टाकायचा नाही. मी आईला मराठीत सांगेपर्यंत आईने चपला काढून हातात घेतल्या होत्या.

"मॅम, यू कॅन कीप युअर शूज ऑन," गाइड म्हणाली.

"देवाच्या वस्तू आहेत ना आत?" आई मला म्हणाली. "तिला सांग, मला सवय आहे."

"आजी, पीपल आर लुकिंग," मीनलने कपाळाला हात लावला.

"बघू दे. बघायलाच आलेत सगळे."

पुढचा सगळा वाडा आईने अनवाणी पाहिला, हातात चपला धरून. आमच्या घोळक्यात टेक्सासकडचं एक वयस्क जोडपं होतं. त्यातल्या बाईंनी थोड्या वेळाने आपले उंच टाचांचे बूट हळूच काढले आणि आईकडे बघून डोळे मिचकावले. त्यांचा हेतू धार्मिक नसावा, पण आईला फार बरं वाटलं.

मग आम्ही जेवणघरात आलो, आणि आई थबकली.

खोली उंच आणि अंधारी, एखाद्या देवळाच्या गाभाऱ्यासारखी. वर दोन्ही बाजूंना रंगीत रेशमी झेंडे. मध्ये लांबच लांब टेबलं, त्यांवर चांदीचे मेणबत्तीदान. आणि त्या चांदीच्या रांगेत, मानाने उभ्या, टोमॅटो केचपच्या बाटल्या. शेजारी कागदी रुमाल. गाइड म्हणाली, मालकाला ते तसंच आवडायचं, म्हणून आजही तसंच मांडतात. आईला हे एकदम पटलं. "म्हणजे माणूस घरचाच होता म्हणायचा," ती म्हणाली. एवढ्या वाड्यात तिने त्या पेपरवाल्याबद्दल काढलेला हा पहिला चांगला शब्द.

भिंतीलगत काळ्या लाकडाचे उंच पाठीचे कोरीव बाक होते. गाइडने सांगितलं, हे स्पेनमधले, कित्येक शतकांपूर्वीचे. साधू या बाकांशी उभे राहून प्रार्थना म्हणत. मी भाषांतर केलं. आईने लांबूनच हात जोडले. मग मला म्हणाली, "तिला विचार, साधूंचे बाक याने इकडे आणले, मग साधू कशावर बसले?"

"आई, असं नसतं विचारायचं."

"का? मला विचारायचंय."

मी विचारलं. अख्खा घोळका गाइडकडे बघू लागला. ती मनापासून हसली. "नोबडी एव्हर आस्क्ड मी दॅट." तिला माहीत नव्हतं. पण तिने एक गोष्ट सांगितली. याच किनाऱ्याने उत्तरेला गेलं की डोंगरावर एक मठ आहे, तिथे साधू अजून राहतात, आणि रविवारी कुणीही जाऊ शकतं. "मे बी यू शुड आस्क देम," ती आईला म्हणाली.

आईने ते भाषांतराशिवायच समजून घेतलं. "उद्या जायचं," ती म्हणाली. "राजवाडा झाला, आता मठ."

मठाकडे

मठात रिकाम्या हाताने जायचं नसतं. त्यामुळे रविवारी सकाळी आमच्या मोटेलच्या खोलीत शिधा सजला. आईच्या पिशवीतले तांदूळ, मुगाची डाळ, गुळाचा खडा, तुपाची छोटी बरणी, वर सुपारी. हे सगळं एका कागदी ताटलीत, कारण मोटेलमध्ये दुसरं काही नव्हतं. नीलाने वर आपला ठेवणीतला हातरुमाल झाकला. मीनल विचारत होती, "पण दे डोन्ट नो हाऊ टू मेक वरण!"

"शिकतील," आई म्हणाली. "साधू आहेत, वेळ भरपूर असतो त्यांना."

तो रस्ता कड्यावरून जातो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला थेट पॅसिफिक, मध्ये मी. धुकं असं, की पुढच्या वळणानंतर रस्ता आहे की प्रशांत महासागर, हे वळल्यावरच कळायचं. मी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं, की नंतर बोटं उलगडायला नीलाची मदत लागली. आई मात्र मागे मांडीवर शिधा धरून शांतपणे स्तोत्र म्हणत होती. ते माझ्यासाठी होतं की शिध्यासाठी, मी विचारलं नाही.

कोपऱ्यावर एक साधा लाकडी क्रूस. तिथून चढाचा एकेरी रस्ता, आणि वर एकदम ऊन! धुक्याचा समुद्र खाली राहिला होता आणि वर निळं आभाळ, बसकी पांढरी घरं, आणि इतकी शांतता, की गाडीचं दार लावतानाही अपराध्यासारखं वाटलं. कालच्या वाड्याशी तुलना करायची तर तिथला एक दरवाजा विकून हा अख्खा मठ बांधून झाला असता.

पांढरा झगा घातलेले एक उंच, म्हातारे साधू समोर आले. दाढी अशी, की आईने आपसूक वाकून नमस्कार केला. "कॉल मी ब्रदर फ्रँक," ते म्हणाले. आईने शिधा पुढे केला. मी समजावलं, की हा आमच्याकडचा रिवाज, मठात स्वयंपाकाचं कोरडं सामान द्यायचं. ब्रदर फ्रँकनी दोन्ही हातांनी ताटली घेतली, रुमाल उचलून पाहिलं, गुळाचा वास घेतला आणि म्हणाले, "तुम्ही आमच्याबरोबर जेवा. फक्त एक आहे. आम्ही जेवताना बोलत नाही."

मी ते मराठीत आईला सांगितलं. आईने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, मग परत माझ्याकडे.

"मौनाने जेवतात?"

"हो."

"सगळे?"

"सगळे."

"रोज?"

"रोज, आई. कायमचं."

आई अगदी हळू आवाजात म्हणाली, "अरे देवा! कुणाकुणाच्या नोकरीसाठी बोललेत रे हे?"

मला हे भाषांतर करताना घाम फुटला. माझी गेलेली नोकरी, लागलेली नोकरी, नवस, फोन, सगळं सांगावं लागलं. आई किती दिवस उपाशी उठते आहे तेही सांगितलं. ब्रदर फ्रँक आधी हसले, मग गंभीर झाले. "टेल हर, एव्हरीबडीज," ते म्हणाले. "सगळ्यांच्याच नोकरीसाठी."

बाकांचंही मी विचारून घेतलं. ते म्हणाले, स्पेनमधल्या त्या साधूंचं त्यांना ठाऊक नाही. पण बाक गेले तर माणूस जमिनीवर बसतो, एवढं नक्की. आईला हे उत्तर फार आवडलं.

पंगत

जेवणघर म्हणजे एक लांब खोली, साधी लाकडी टेबलं, खिडकीतून समुद्र. पंधरा-वीस साधू, थोडे पाहुणे आणि आम्ही. एक तरुण साधू कोपऱ्यात उंच स्टुलावर पुस्तक घेऊन बसला आणि एका संथ लयीत वाचू लागला. बाकी कुणी चकार शब्द काढेना. भाजीचं भांडं हातोहात सरकत होतं. पुरे म्हणायचं असेल तर ते साधू ताटलीवर हात आडवा धरत, अगदी आपण धरतो तसा. आईच्या हे लगेच लक्षात आलं.

तिने स्वतःचा डबा उघडला. दशम्या, भाजी, दही-भात. ब्रदर फ्रँकनी न बोलता तिच्यापुढे मठातल्या मधाचं भांडं सरकवलं. आईने बोटाने थोडा मध घेतला आणि मान डोलावली. त्यांनीही डोलावली. कुणी तिला काही विचारत नव्हतं. कुणी तिच्याकडे बघतही नव्हतं. फोन वाजणार नव्हता. झेब्रे डोंगराच्या पलीकडे राहिले होते.

ती जेवू लागली. एक दशमी संपली. मी घास घ्यायचं विसरून बघत होतो. आईचा चेहरा हळूहळू सैल होत गेला, खांदे खाली आले. तो वाचणारा साधू काय वाचत होता ते तिला कळणं शक्यच नव्हतं, पण तिला बोलायची गरजच उरली नव्हती, कारण खोलीत बोलणारा एक माणूस होता आणि तेवढा पुरेसा होता. आईला शांतता कधी जमली नाही याचं कारण तेव्हा मला समजलं. घर मुकं झालं की कुणीतरी ते भरायचं असतं, असं तिला वाटतं. इथे ते काम दुसऱ्याने अंगावर घेतलं होतं.

मग आईने दुसरी दशमी घेतली.

आषाढीनंतर पहिल्यांदा! मला कळायच्या आत त्या खोलीत माझा आवाज घुमला, "घे, घे, आई! आणखी घे!"

वाचणारा थांबला. चमचे थांबले. वीस पांढरे झगे माझ्याकडे वळले. मीनलने हातांत तोंड लपवलं. नीलाने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, तोही चपलेसकट. आणि आई? मला वाटलं, आता ही बोलणार, "अरे गाढवा!" म्हणणार आणि उठणार. सगळं माझ्यामुळे.

आईने तोंडातला घास शांतपणे चावला. गिळला. मग डावा हात वर केला, माझ्याकडे बोट केलं, आणि ते बोट दाराकडे वळवलं.

नियम म्हणजे नियम. जो बोलला, त्याने उठायचं.

मी उठलो. माझं सूप तसंच राहिलं, सूप फार चांगलं होतं. दाराबाहेर एका दगडावर बसून मी खिडकीतून आत बघू लागलो. आत वाचन पुन्हा सुरू झालं होतं. एक निळा, आगाऊ पक्षी माझ्या बुटांपाशी येऊन मला निरखत होता. त्यालाही बहुधा बाहेर काढलं असावं. काचेतून मला आई दिसत होती. तिने दुसरी दशमी संपवली. दही-भात कालवला आणि सावकाश, चव घेत खाल्ला. मग ताटलीवर हात आडवा धरला आणि खिडकीतून थेट माझ्याकडे बघून हसली. पोटात कावळे ओरडत असताना मी इतका सुखी पूर्वी कधी झालो असेन असं वाटत नाही.

जेवणं झाल्यावर ब्रदर फ्रँक बाहेर आले. त्यांच्या हातात ब्रेड आणि मध होता, माझ्यासाठी. "युअर मदर इज अ टफ अॅबट," ते म्हणाले. अॅबट म्हणजे मठाधिपती, असं मी आईला सांगितल्यावर तिने पदर सावरला. बाहेर बोलायला हरकत नसल्यामुळे त्यानंतर तिने त्यांना मुगाच्या डाळीच्या वरणाची कृती सांगितली, फोडणीसह, आणि मी जिरं-हिंगाचं इंग्रजी करता करता मेटाकुटीला आलो.

घरी

परतीच्या वाटेवर मी मुद्दाम तिकिटाचा विषय काढला नाही. आईनेच काढला.

"श्री, त्या पोरासारखं कुणी वाचत बसलं ना, तर मला जमेल रे. नुसतं गप्प बसायला सांगता तुम्ही, ते नाही जमत."

"काय वाचायचं?"

"काहीही. मला कळायची काही गरज नाही."

मग मीनल म्हणाली, "आय कॅन डू इट, आजी. पण इंग्लिश. ओके?"

"ओके," आई म्हणाली.

सोमवारी मी एजंटला फोन केला नाही. ऑफिसातून घरीही केला नाही, आणि हे दुसरं जास्त अवघड गेलं. शाळा सुरू झाल्यावर आईने आपलं पान दुपारी उशिरा घ्यायला सुरुवात केली. मीनल आली की फोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवायचा, आणि स्टुलावर बसून वाचायचं. इतिहासाचं पुस्तक झालं, बेडकाच्या पोटातले अवयव झाले, मग लायब्ररीतली एका घोड्याची लांबलचक गोष्ट. जेवण संपवून हात धुतला की आई विचारायची, "काय गं, मेला का तो घोडा?" मीनल मराठीत सांगायचा प्रयत्न करायची. त्या निमित्ताने तिला 'खिंकाळणे' हा शब्द आला, जो मलाही तिच्या वयात येत नव्हता.

पोलक्यांच्या टिपा नीलाने एक एक करून उसवल्या. दिवाळी आम्ही तिथीला केली, वार न बघता, रजा टाकून. आणि मग कार्तिकी एकादशी आली, नेम पुरा झाला. मौनाच्या नेमाचं उद्यापन घंटा देऊन करतात. आईने एक पितळी घंटा, चिंध्यांत गुंडाळून, पार्सलने ब्रदर फ्रँकच्या मठाकडे पाठवली.

द्वादशीला नीलाने साग्रसंगीत स्वयंपाक केला. चौघांची पानं मांडली. मीनल सवयीने पुस्तक घेऊन स्टुलाकडे निघाली होती, आईने तिला हाताला धरून शेजारी बसवलं. आम्ही सगळे आईकडे बघत होतो. चार महिन्यांनी बोलत बोलत जेवायला मोकळी झालेली आमची आई पहिलं काय बोलणार? मला वाटलं, देवाचं नाव घेईल. कदाचित माझ्या नोकरीला आशीर्वाद देईल. तिने पहिला घास घेतला, चावला, आणि म्हणाली,

"नीला, आमटीत मीठ कमी आहे. आषाढापासून कमी आहे."

हसता हसता नीलाला ठसका लागला. त्यानंतर आई जे बोलत सुटली, ते ताटं संपली तरी संपेना. आमचे हात कोरडे पडले, पण पानावरून कुणी उठलं नाही.